छताची खिडकी गळत नव्हती, घामेजत होती

आजचा विषय ऐकून स्किप करू नका. विषय आहे छतातल्या खिडकीखालचं लाकूड.

आपल्याकडे कौलारू घरात मध्येच एक काचेचं कौल असतं ना, उजेडासाठी? इथे इंग्लंडमध्ये त्याचा मोठा भाऊ म्हणजे रूफलाइट. मागच्या बाजूला किचन वाढवायचं, सपाट छत टाकायचं आणि त्यात काच बसवायची, हे इथलं ठरलेलं. काच थेट छतावर बसत नाही. भोवती लाकडाची चौकट उभी करतात, छताच्या पृष्ठभागापासून साधारण 150 मिलिमीटर वर, म्हणजे पाणी आत येत नाही. तिला कर्ब म्हणतात.

तर, जानेवारीत एका काकूंचा फोन. मराठीच कुटुंब, ड्रॉइंग मी केलेली. "अरे, नवीन छत गळतंय! ओट्यावर थेंब पडतायत. त्या छतवाल्याचे उरलेले पैसे मी देणार नाही, सांगून ठेवते."

गेलो. आठवडाभर पाऊस नव्हता. बाहेर उणे तीन आणि काकू पुरणाची डाळ शिजवतायत. तेव्हाच पोटात गोळा आला. चौकटीच्या कोपऱ्यावर थर्मामीटर धरला, 11 अंश. खोलीत 20 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल, तर 12 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. फ्रिजमधली बाटली बाहेर काढल्यावर भिजते, तसंच. छत गळत नव्हतं, चौकट घामेजत होती. कोपऱ्यात काळी बुरशीही दिसायला लागली होती.

आणि चूक छतवाल्याची नव्हतीच. त्याने माझ्या ड्रॉइंगप्रमाणे केलं होतं. ड्रॉइंगमध्ये छताचं इन्सुलेशन कर्बपाशी येऊन थांबत होतं.

आपल्या डोक्यात बसलेलं असतं की लाकूड गरम होत नाही. कढईची मूठ लाकडाची असते ना! पण पीआयआर फोमच्या तुलनेत लाकडातून जवळपास सहापट उष्णता जाते. आता हिशोब बघा. एक मीटर बाय एक मीटर काच, भोवती 15 सेंटिमीटर उंच पट्टी, म्हणजे 0.6 चौरस मीटर. 50 मिलिमीटर लाकडाची यू-व्हॅल्यू येते 1.8च्या आसपास. छताची नियमाप्रमाणे 0.15. म्हणजे ती चिमुकली पट्टी सात चौरस मीटर छताएवढी उष्णता बाहेर सोडते! तिच्यावर नुसता 25 मिलिमीटर फोम लावला तरी हे एक तृतीयांशावर येतं.

मग बाहेरून फोम लावून टाकायचा? तीच तर गोची. खरं तर तीच योग्य जागा आहे: छताचं इन्सुलेशन तसंच कर्बवर चढवायचं, वरून वॉटरप्रूफिंग. पण काचेच्या फ्रेमची कड कर्बच्या बाहेर यावी लागते. कर्ब जाड झाला की जुनी फ्रेम पुरत नाही, पाणी मागे शिरतं. म्हणून हे काच ऑर्डर करण्याआधी ठरवायचं असतं. मी नव्हतं ठरवलं.

शेवटी आतून केलं. 25 मिलिमीटर फोम, त्यावर प्लास्टरबोर्ड. सगळे सांधे टेपने हवाबंद. ते नीट झालं नाही तर किचनची वाफ मागे जाऊन आता आणखी थंड झालेल्या लाकडावर बसते आणि ते हळूहळू कुजतं. वरून काही दिसतही नाही. प्रत्येक बाजूने उजेड जवळजवळ चार सेंटिमीटर कमी झाला.

खर्च मी दिला. छतवाल्याला काकूंनी पैसे दिले, आणि सोबत डबा. मला म्हणाल्या, "आभाळ जरा लहान केलंस रे माझं."

पुढच्या थंडीत पुन्हा गेलो, थर्मामीटर घेऊन. कोपरा 16 अंश, कोरडा. काकूंनी तोवर ओट्यावरची बादली काढली नव्हती.