लाल दिवा दिसला, अहवाल नाही

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशींचं चरित्र मी सांगत बसत नाही. बर्नच्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी, आंबेठाणची कोरडवाहू जमीन, चाकणचा कांदा, १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात अडवलेले रस्ते आणि रेल्वे, छातीवरचा लाल बिल्ला, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या खुर्चीबद्दल.

१९९० साली विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारनं त्यांना कृषी सल्लागार समितीचं अध्यक्ष केलं, मंत्रिपदाचा दर्जा दिला. असं झालं की पारावर एकच बोलणं निघतं: नेता सरकारचा झाला, आता भाव कुठाय?

अहो, ती समिती सल्ला देणारी होती! लग्नघरात रश्शाची चव बघायला आजीला बोलावतात. आजी पळीभर चाखते आणि सांगते, मीठ कमी आहे, तिखटही बेतानंच पडलंय. झालं, तिचं काम संपलं. झारा आचाऱ्याच्या हातात, कोठीच्या किल्ल्या यजमानाच्या कमरेला. पंगत अळणी जेवते आणि उठताना नावं ठेवते कुणाला? आजीला! ती काय म्हणाली होती, हे एकही जण विचारत नाही.

जोशी काय म्हणाले, ते आपण विचारलं का? रस्त्यावर बसून जे म्हणाले, तेच त्यांनी अध्यक्ष म्हणून राष्ट्रीय कृषिनीतीच्या मसुद्यात मांडलं. शेतकऱ्याला सूट-सबसिडी मिळते हा भ्रम आहे. निर्यातबंदी, लेव्ही, स्वस्त आयात यांनी भाव पाडून त्याच्याकडूनच काढून घेतलं जातं. याला ते उणे सबसिडी म्हणत. पण ते सरकार वर्षभरसुद्धा टिकलं नाही. मसुदा राहिला. पुढे वाजपेयींच्या काळात, २००० साली, ते शेतीविषयक कार्यदलाचे अध्यक्ष झाले. पक्ष दुसरा, पंतप्रधान दुसरे. आजी तीच, आणि किल्ल्याही यजमानाकडेच.

पुन्हा सांगतो, कारण नेमकं हेच कानाआड होतं. अध्यक्ष भाव ठरवत नाही. केंद्राचा कृषिमूल्य आयोग १९६५ पासून आहे; तो शिफारस करतो, निर्णय मंत्रिमंडळ घेतं. आपल्या राज्याच्या आयोगावर संघटनेतूनच आलेले पाशा पटेल अध्यक्ष झाले. त्या आयोगाची शिफारस आधी दिल्लीच्या आयोगाकडे जाते, तिथून पुढे सरकारकडे. म्हणजे चाखणाऱ्या दोन आज्या, आणि झारा तिसऱ्याच्याच हातात.

म्हणून मी जरा रागानंच सांगतो. तुमच्या भागातला कुणी शेतकरी नेता अध्यक्ष झाला, की तुम्ही हार घालता, नाहीतर दगड मारता. दोन्हींच्या आधी त्याची शिफारस मागा. उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी कशी धरली? जमिनीचं भाडं धरलं का? आणि त्यानं लिहिलेल्या आकड्याला कात्री कुठल्या टेबलावर लागली? हे प्रश्न ग्रामसभेत विचारा, बाजार समितीत विचारा, आमदाराला विचारा.

संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीबद्दल, म्हणजे शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर केलेल्या जमिनींबद्दलही बोलायचं होतं. त्यासाठी ना समिती लागली ना मंत्रिपदाचा दर्जा, आणि तरीसुद्धा… पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे.