खात्यापलीकडचं नातं

‘नेतृत्व’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठ येतं, हार येतात, मागचा मोठा फलक येतो. आज मी ज्या नेतृत्वाबद्दल बोलणार आहे, त्याच्या गळ्यात सहसा हार पडत नाही. ते एसटीनं किंवा दुचाकीवरून गावात येतं. कधी कधी तर ते गावातच, शेजारच्या गल्लीत राहतं. त्याच्या पिशवीत नोंदवह्या असतात आणि लोक त्याला नावापेक्षा हुद्द्यानं अधिक ओळखतात. नर्सबाई, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, भाऊसाहेब, गुरुजी. गावातली सरकारी सेवा म्हणजे शेवटी ही पाच-सहा माणसं. माझं म्हणणं एवढंच आहे की, ही माणसं एकमेकांना धरून असली तर गावाचं भलं होतं. एकेकटी राहिली तर कितीही योजना आल्या तरी त्या वेशीवरच थबकतात.

मला कवी म्हणून ओळखणारे काही श्रोते असतील. पण कवितेवर घर चालत नाही. बी.ए. झाल्यावर मी पंचायत समितीत लिपिक म्हणून लागलो आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माझी बरीच वर्षं गेली. बैठकांचं इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे असे. इतिवृत्त लिहिणारा माणूस बैठकीत बोलत नाही. त्यामुळे त्याला ऐकायला भरपूर सवड मिळते. आज सांगतोय ते सगळं त्या ऐकण्यातूनच आलेलं आहे.

आपल्या सरकारी मराठीत ‘खातं’ हा फार वजनदार शब्द आहे. खेड्यात एक मूल जन्माला येतं. त्याच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत, म्हणजे ग्रामविकास. लस टोचणार आरोग्य खातं. वजन करणार आणि आहार देणार महिला व बालविकास. घरचं रेशनकार्ड पुरवठा विभागाकडे. सहा वर्षांचं झालं की शिक्षण खातं. मूल एकच, पण ते पाच वह्यांत वाटलेलं. प्रत्येक वहीतला आकडा आपापल्या शिडीनं वर चढतो. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून मंत्रालयात. शिड्या सगळ्या मजबूत आहेत; पण एका शिडीवरून दुसरीवर जायला फळी नाही.

एका बैठकीत हे मला अगदी स्वच्छ दिसलं. एकाच गावातल्या लहान मुलांचे दोन आकडे समोर आले होते. अंगणवाडीचा वेगळा, आरोग्य उपकेंद्राचा वेगळा. फरक दहा-बारा मुलांचा. पहिला अर्धा तास ‘आमचाच बरोबर’ यात गेला. मग एक वयस्कर पर्यवेक्षिका म्हणाल्या, “आकडे राहू द्या, नावं वाचा.” दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या गेल्या आणि नावं वाचायला सुरुवात झाली. तासाभरात उलगडा झाला. काही बायका बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या होत्या. नर्सबाईंनी लस टोचली म्हणून त्यांची बाळं उपकेंद्राच्या वहीत होती. अंगणवाडीच्या लेखी ती सासरच्या गावची. आणि काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. त्यांची नावं एका वहीत नुसती राहून गेली होती, दुसरीतून ती कमी झाली होती. दिवाळीनंतर गेलेली ही मुलं उन्हाळ्याच्या तोंडाला परतायची. तोवर कारखान्याच्या तळावर, कोपीत, त्यांचं वजन कुणी घेत होतं का, त्यांना लस कुणी देत होतं का, याचं उत्तर त्या खोलीत कुणाकडेच नव्हतं.

लक्षात घ्या, कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. दोन्ही वह्या आपापल्या नियमानं बरोबर होत्या. तरीही काही मुलं दोन वह्यांच्या मधल्या फटीत पडली होती. त्या दिवशी नवा निधी आला नाही, नवा शासन निर्णय निघाला नाही. फक्त दोन खात्यांची माणसं एका सतरंजीवर बसली आणि नावं वाचली गेली.

हे एका तालुक्यापुरतं नव्हतं. २००० नंतरच्या त्या वर्षांत मराठवाड्यात बालमृत्यू आणि कुपोषण यांच्या बातम्यांनी खळबळ उडाली होती. त्या काळात औरंगाबाद विभागात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर विभागात, विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकारानं अंगणवाडी आणि आरोग्य या दोन यंत्रणांना एकत्र कामाला लावण्याचा प्रयत्न सुरू झाला. त्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. राज्य पातळीवरचं देशातलं ते पहिलं पोषण मिशन. गंमत अशी की, या मिशनकडे स्वतःची अंगणवाडी नव्हती, स्वतःचा दवाखाना नव्हता. मोजकी माणसं होती. त्यांचं काम काय, तर ज्यांच्याकडे हे सगळं आहे त्यांना एकमेकांशी बोलतं करणं, शिकवणं, पाठपुरावा करणं. गावातल्या अंगणवाडीत ग्राम बालविकास केंद्र भरू लागलं. तिथं अशक्त मुलांना काही आठवडे दिवसातून अनेकदा खाऊ घालायचं, औषधपाणी आरोग्य खात्यानं पाहायचं, फारच आजारी मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मोठ्या दवाखान्यात हलवायचं. पोराची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये पडायची नाही, हा त्यातला गाभा.

परिणाम दिसला का? राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये, वयाच्या मानानं उंची खुंटलेल्यांचं प्रमाण २००५-०६ मध्ये तिघांत एकाहून अधिक होतं. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ते चौघांत एकाच्या आसपास आलं. त्यामागे घरची मिळकत, आईचं शिक्षण, दवाखान्यातली बाळंतपणं अशी अनेक कारणं होती; एकट्या मिशनला सगळं श्रेय देणं बरोबर नाही. पण खाती एकमेकांशी बोलली याचा त्यात वाटा होता, हे मी जवळून पाहिलं आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा मिळतो. २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात शंभरातली ४६ मुलं खुंटलेली होती, २०१५-१६ मध्ये ३४. आणि २०१९-२१ मध्ये? ३५. म्हणजे उतरलेला आकडा जिथल्या तिथं अडकला. याची कारणंही अनेक असतील. पण मला कारकुनाच्या टेबलावरून दिसलेलं एक कारण सांगतो. आपल्याकडे माणसं एकत्र येतात ती साहेबाच्या नावावर. साहेब उमदा असला तर बैठक वेळेवर, वह्या शेजारी-शेजारी. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं अधिकाऱ्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची धरली आहे. मुदत सरते, निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं आणि पुढच्या महिन्यात बैठकीची तारीखच ठरत नाही. वह्या पुन्हा आपापल्या कपाटात.

याला एक ठळक अपवाद आहे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतल्या दप्तराची आणि कामाची घडी नव्यानं बसवली. ‘लखिना पॅटर्न’ या नावानं ती राज्यभर गेली. ते बदलून गेले, तरी पद्धत मागे राहिली. का राहिली? ती साहेबाच्या उत्साहात नव्हती, कारकुनाच्या रोजच्या कामात उतरली होती. जे रोजच्या कामात उतरतं, तेच टिकतं.

हल्ली ‘नेतृत्वाचं जाळं’ असा शब्दप्रयोग कानावर येतो. जाळं म्हटलं की मला अडकलेला मासा आठवतो. त्यापेक्षा आपली बाज बरी. बाजेच्या विणीत कुठलीच दोरी मुख्य नसते; पण एक ढिली पडली की सगळी बाज झोळ खाते. ही वीण कशी घट्ट ठेवायची, याबद्दल माझ्या अनुभवातल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, ठरलेला वार. महिन्यातला एक दिवस, एक जागा, साहेब असोत वा नसोत. बाजार कुणाच्या परवानगीनं भरत नाही. तो वारावर भरतो. तशी ही बैठक भरली पाहिजे. त्यासाठी नवी समिती नको. गाव आरोग्य आणि पोषण यांची समिती कागदावर आहेच. तिला वार द्या.

दुसरी गोष्ट, आधी नावं, मग आकडे. आणि खरं नाव सांगणाऱ्याला नोटीस नको. कुपोषित मुलं जास्त दाखवली म्हणून एखाद्या ताईला खुलासा मागितला, की पुढच्या महिन्यात तिच्या वहीतली सगळी मुलं एकदम गुटगुटीत होतात. अशा वेळी एकत्र बसणाऱ्या माणसांचं एकमेकांना सांभाळून घेणाऱ्यांचं टोळकं व्हायला वेळ लागत नाही. एकत्र बसायचं ते खरं सापडावं म्हणून, झाकावं म्हणून नाही.

तिसरी गोष्ट मी मुशायऱ्यात शिकलो. मुशायऱ्यात जो सदर, म्हणजे अध्यक्ष असतो, तो सगळ्यांत शेवटी वाचतो. आधी नवखे वाचतात, मग जाणते, आणि शेवटी तो. रात्रभर त्याला सगळ्यांचं ऐकावं लागतं. आपल्या सरकारी बैठकीत नेमकं उलटं. साहेब पहिल्यांदा बोलतात आणि ते बोलल्यावर इतरांजवळ ‘होय सर’ याखेरीज शब्द उरत नाहीत. ज्या आशाताईला ठाऊक असतं की अमुक घरची सून रात्री उपाशी झोपते, ती दाराजवळ उभी असते. तिला खुर्ची द्या आणि तिला आधी बोलू द्या. मानधनावर आणि मोबदल्यावर राबणारी ही बाई बदलून जात नाही. अधिकारी येतात-जातात, ती त्याच गावात असते. म्हणून ही वीण तिच्यापासून सुरू झाली पाहिजे.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. २०२० मध्ये करोनाच्या काळात आपण ते करून दाखवलं. आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील एकाच यादीवर काम करत होते. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्यांच्या पथकांनी घरोघरची दारं ठोठावली. खाती तीच होती, माणसं तीच होती. भीती ओसरली आणि याद्या पुन्हा वेगळ्या झाल्या. साथ आल्याशिवाय आपल्याला एकमेकांचे फोन नंबर सापडू नयेत, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

श्रोतेहो, यात तुमचंही एक काम आहे, आणि ते सोपं आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास गावोगाव ग्रामसभा भरतात. तिथं रस्ता, गटार, दिवाबत्ती यांचे प्रश्न जरूर विचारा. त्यांच्या जोडीला एक प्रश्न आणखी विचारा: आपली नर्सबाई, ताई, आशा, गुरुजी आणि भाऊसाहेब एका ठिकाणी शेवटचे कधी बसले होते, आणि तेव्हा किती मुलांची नावं वाचली गेली? उत्तर तारखेसह मागा. पुढच्या ग्रामसभेत तोच प्रश्न पुन्हा विचारा.