तीन पाळ्यांत राबलेल्या ८५५ भगिनी



आम्ही गिरणीत तीन पाळ्यांत घाम गाळलेली माणसं. म्हणून अशाच तीन पाळ्यांत राबलेल्या बायांची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढत होती. पण तिच्याच सैन्यात काळ्यांची तुकडी वेगळी, जेवण वेगळं, झोपायची जागा वेगळी. काळ्या स्त्रियांना परदेशी कामगिरीवर पाठवायलाही सरकार राजी नव्हतं. मेरी मॅक्लिओड बेथून या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने मागणी लावून धरली, तेव्हा कुठे ६८८८ क्रमांकाची टपाल बटालियन युरोपात गेली. स्त्रिया ८५५. प्रमुख मेजर चॅरिटी अ‍ॅडम्स, वय अवघं सव्वीस!

फेब्रुवारी १९४५. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहर. गोदामांत तुंबलेल्या टपालाचे छतापर्यंत ढीग. पत्रं-पार्सलं मिळून सुमारे १ कोटी ७० लाख. कडाक्याची थंडी, अपुरा उजेड, नासलेल्या खाऊवर उंदीर. त्यात एकाच नावाचे सैनिक किती? रॉबर्ट स्मिथच ७,५००! या बायांनी सैनिकांची सुमारे ७० लाख कार्डं ठेवली आणि नंबरावरून नेमका माणूस हुडकला. एकेका पाळीत ६५,००० नग निघत. सहा महिन्यांचं काम त्यांनी तीन महिन्यांत फत्ते केलं.

तरी एका जनरलने दम दिलाच, की काम कसं करायचं ते शिकवायला गोरा लेफ्टनंट पाठवतो. आपल्या जिवात जीव आहे तोवर ते होणार नाही, असं मेजरबाईंनी तोंडावर सुनावलं. याला म्हणतात स्वाभिमान!

१९४६ मध्ये बटालियन मोडली. ना मिरवणूक, ना सत्कार. त्याच वर्षी बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विद्वान डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांचं आणि अमेरिकेतील काळ्यांचं दुःख सारखंच असल्याचं कळवलं होतं.

अमेरिकी काँग्रेसच्या सुवर्णपदकाचा कायदा झाला २०२२ साली, पदक दिलं २०२५ मध्ये. तोवर बहुतेकजणी जग सोडून गेल्या होत्या. मेजरबाई तर २००२ सालीच गेल्या.

बंधूंनो, या विहारासाठी आपल्या आया-बहिणींनी डोक्यावर विटा वाहिल्या. देणगीदारांच्या फलकावर त्यांतली एक तरी आहे का? ऐंशी वर्षं थांबू नका. ज्या हयात आहेत त्यांना विचारा, नावं आजच लिहून काढा.