केळ्याचा केक: ओलावा हवा, पण पिशवीत नको

आज आम्ही किल्लारीच्या आमच्या बचत गटातर्फे केळ्याच्या केकबद्दल बोलणार आहोत. शहरात याला बनाना ब्रेड म्हणतात. नाव ब्रेडचं असलं तरी चव केकचीच. आम्ही तो करायला शिकलो, विकायला गेलो आणि एकदा चांगलाच फटका खाल्ला. तेही सांगणार आहोत.

आपल्याकडे केळ्यांना तोटा नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात अर्धापूरचा सगळा पट्टा केळीचा. आठवडी बाजारात दिवस मावळताना गाड्यावर काळे ठिपके पडलेली केळी उरतात आणि स्वस्तात मिळतात. घरातही साल काळी पडली की मुलं केळ्याला हात लावत नाहीत. या केकला नेमकी तीच लागतात. केळं पिकतं तसा त्यातला पिठूळपणा जाऊन साखर तयार होते, गर मऊ आणि रसाळ होतो. केकचा ओलावा येतो तो इथून. पिवळ्याधमक, कडक केळ्याचा केक कोरडा आणि फिका होतो. मात्र आंबूस वास येणारं, पाणी सुटलेलं किंवा बुरशी धरलेलं केळं घेऊ नका.

सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात केळं पडलं की शिरा किती मऊ होतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. इथंही तोच गुण कामाला येतो.

आता वही-पेन घ्या. सोललेल्या केळ्यांचा गर ३०० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मोठी केळी. गव्हाचं पीठ २०० ग्रॅम; पहिल्यांदा करणार असाल तर निम्मा मैदा घ्या. चिरलेला गूळ १२० ग्रॅम. तेल पाच मोठे चमचे, पण उग्र वासाचं नको. करडीच्या तेलाचा वास केकला येतो. दही चार मोठे चमचे. बेकिंग पावडर एक लहान चमचा, खायचा सोडा अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ आणि वेलची. वरून भाजलेले शेंगदाणे घातले तर छानच.

पीठ, पावडर, सोडा आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळा. केळी कुस्करून त्यात गूळ, दही, तेल घाला आणि गूळ विरघळेपर्यंत फेटा. मग त्यात चाळलेलं पीठ घाला आणि हलक्या हातानं कालवा. पोळीची कणीक आपण मळून मळून मऊ करतो, इथं उलटं आहे. जास्त घोटलं की केक चिवट होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. मिश्रण फार घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध घाला. आणि सोडा ओला झाल्यावर गप्पा मारत बसू नका. फुगवणारी हवा निघून जाते.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जुनं जाड बुडाचं पातेलं घ्या, तळाला मिठाचा बोटभर थर द्या, त्यावर ताटली किंवा कडं ठेवा. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. पाणी घालायचं नाही. तेल लावलेल्या डब्यात मिश्रण निम्म्याच्या थोडं वर भरा, डबा आत ठेवा आणि आच बारीक करा. पाऊण तास झाकण उघडू नका. मग मधोमध सुरी घालून बघा. कच्चं पीठ चिकटलं तर आणखी दहा मिनिटं ठेवा. ओलसर कण चिकटले तर केक झाला. सुरी अगदी कोरडी निघेपर्यंत वाट पाहिली की ओलावा गेलाच समजा.

आता आमची चूक. मागं एकदा एका दुकानाची दहा केकची मागणी आली. गाडी निघायची घाई होती. केक कोमट असतानाच आम्ही पिशव्या बांधल्या. आतल्या वाफेचं पाणी झालं आणि तिसऱ्या दिवशी सहा केक बुरशी धरून परत आले. दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. सामानाचे पैसे आमच्यातल्या एका ताईंनी उसने आणून घातले होते. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत. तेव्हा आम्ही सगळ्या त्यांच्या घरी गेलो आणि तोटा सगळ्यांत वाटून घेतला. घाई सगळ्यांची होती, मग भुर्दंड एकटीनं का सोसायचा?

त्या दिवसापासून गटाच्या वहीत नियम लिहिले आहेत. केक डब्यातून काढून जाळीवर ठेवायचा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत घालायचा नाही, दोन-तीन तास लागले तरी चालतील. पिशवीवर केल्याची तारीख लिहायची. उन्हाळ्यात बाहेर एक-दोन दिवस, फ्रिजमध्ये चार दिवस, त्यापुढं विकायचा नाही. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून उरलेला खायचा नाही. मऊ पदार्थात बुरशी आतपर्यंत पसरलेली असते, डोळ्यांना दिसत नाही. आणि मागणी आली तरच करायचा.

विकायचं असेल तर अन्न परवान्याची नोंदणी आधी करून घ्या. भाव ठरवताना केळी-गुळाबरोबर गॅस, पिशवी आणि आपली मजुरीही धरा. मजुरी धरायची राहून जाते. केळं उपवासाला चालतं म्हणून कुणी हा केक मागितला, तर आत गव्हाचं पीठ आहे हे आधीच सांगा. गिऱ्हाईकाचा विश्वास मोडला तर परत जोडणं अवघड.

त्या ताई आता पुन्हा गटात येतात. केक गार झाला की नाही हे त्याच हात लावून बघतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय आम्ही एकही पिशवी बांधत नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी काळ्या ठिपक्यांची तीन केळी घरी आणा. पहिला केक घरच्यांसाठी करा, विकायचं नंतर बघू.