छिन्नमनस्कता आणि मनावरील ताण

(सरपंच, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावात कोणास हिवताप आला तर त्याचे रक्त तपासले जाते. क्षयरोगाची शंका आली तर थुंकी तपासण्यास पाठविली जाते. परंतु एखादा चांगला शिकलासवरलेला मुलगा हळूहळू घुमा होऊ लागला, एकटाच पुटपुटू लागला, शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत असे म्हणू लागला, तर मात्र घरची माणसे प्रथम देवऋषीकडे धाव घेतात आणि गाव त्यास 'वेडा' ठरवून मोकळे होते. या आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया. मराठीत त्यास छिन्नमनस्कता म्हणतात. हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली रूढ केले. एका देहात दोन व्यक्ती वावरतात असा त्याचा अर्थ नव्हे. विचार, भावना आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांचा एकमेकांशी असलेला मेळ या आजारात विस्कटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ३०० माणसांमागे एकास हा आजार आहे. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. तेव्हा तीन हजार वस्तीच्या गावातही असे काही रुग्ण असण्याचा संभव आहे. त्यांच्या मनावर येणारा ताण आणि त्या ताणाशी त्यांनी चालविलेला झगडा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ताणाचा आजाराशी संबंध

केवळ ताणामुळे छिन्नमनस्कता होते असे म्हणता येत नाही. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक घडामोडी अशी अनेक कारणे त्यामागे असतात. १९७७ साली अमेरिकेतील झुबिन आणि स्प्रिंग या संशोधकांनी मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. प्रत्येकाची ताण सोसण्याची शक्ती निराळी असते. ती ज्याची कमी, त्याला थोडा भारही आजाराच्या सीमेपलीकडे नेतो. कच्च्या बांधाला पहिल्याच पावसात भगदाड पडावे, तसे हे आहे. बांध कच्चा असणे हा शेतकऱ्याचा दोष नव्हे. परंतु तो वेळीच डागता येतो आणि पाण्याला वाटही काढून देता येते.

हा भार नेहमी मोठ्या आपत्तीचाच असतो असे नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासात रुग्णांना मनगटी घड्याळाच्या इशाऱ्यावर दिवसातून अनेक वेळा आपली मनःस्थिती लिहून ठेवण्यास सांगण्यात आले होते. रोजच्या लहानसहान अडचणींनीही या रुग्णांचे मन इतरांपेक्षा अधिक ढवळून निघते, असे त्यात आढळले. एस. टी. स्थानकावरील गर्दी, कार्यालयातील खिडकीपुढची रांग, लग्नघरचा ध्वनिक्षेपक, दोघे कुजबुजत असलेले दिसणे, या गोष्टी इतरांस जाणवतही नाहीत. रुग्णाला मात्र ती कुजबुज आपल्याविषयीच आहे असे वाटते. झोप उडते. कानात ऐकू येणारे आवाज वाढतात. आवाज वाढले की भीती वाढते आणि भीतीने पुन्हा आवाज वाढतात.

घरातील शब्दांचा भार

औषधाने बरा होऊन घरी परतलेला रुग्ण काही महिन्यांतच पुन्हा का आजारी पडतो, याचा शोध लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. १९७६ साली व्हॉन आणि लेफ यांनी तो पुढे नेला. ज्या घरात सतत टीका, राग किंवा प्रमाणाबाहेर काळजी होती, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून अधिक वेळ समोरासमोर काढणाऱ्या रुग्णांना हा धोका विशेष होता. चंदीगड येथे झालेल्या व १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लंडनच्या तुलनेने अशी घरे कमी आढळली. ही आपल्या कुटुंबपद्धतीची जमेची बाजू होय.

तथापि यावरून कुटुंबाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. वर्षानुवर्षे रात्री जागून काढणारी आई, औषधासाठी मजुरी बुडवून तालुक्याला जाणारा बाप, हे स्वतःच ताणाखाली असतात. "नुसता बसून खातो", "मनावर घेतलेस तर बरा होशील" ही वाक्ये थकव्यातून येतात. आळस वाटतो तो पुष्कळदा आजाराचाच भाग असतो, एवढे जरी घरच्यांस समजावून सांगितले तरी शब्दांची धार कमी होते.

रुग्ण काय करतात

रुग्ण हा ताण मुकाट्याने सोसत राहतो, हीही एक गैरसमजूत आहे. १९८१ साली फॅलून आणि टॅलबट यांनी सतत आवाज ऐकू येणाऱ्या ४० रुग्णांची पाहणी केली. प्रत्येकाने आपापला उपाय शोधलेला होता. कोणी कोणाशी तरी बोलू लागे, कोणी पडून राही, कोणी फिरावयास जाई, तर कोणी आवाजांकडे दुर्लक्ष करण्याचा सराव करी. आपल्याकडेही कोणी रेडिओ लावतो, कोणी नामस्मरण करतो, कोणी गोठ्यातील कामात मन गुंतवितो. सर्वच उपाय हितकारक नसतात. दारू किंवा गांजाने घटकाभर बरे वाटले तरी आजार बळावतो. माणसांना टाळून खोलीत बसल्याने भीती तात्पुरती टळते, पण एकटेपण वाढते.

अनुभवी रुग्ण आपल्या पूर्वखुणा ओळखू लागतो. सलग दोन-तीन रात्री झोप न येणे, जेवणावरची वासना उडणे, चिडचिड, संशय या त्या खुणा होत. त्या दिसताच डॉक्टरांकडे गेल्यास मोठा झटका पुष्कळदा टळतो. यासाठी नेमाची झोप, झेपेल इतके काम आणि औषधातील सातत्य ही त्रिसूत्री महत्त्वाची आहे. "आता बरे वाटते" म्हणून परस्पर औषध बंद करणे हे आजार उलटण्याचे एक प्रमुख कारण आहे.

गावाचे कर्तव्य

या कामी केवळ तज्ज्ञांवर विसंबून राहावे लागत नाही. गोवा, सातारा व तामिळनाडू येथील २८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते ज्यांच्या घरी जात होते, त्या रुग्णांची लक्षणे व परावलंबन वर्षअखेर इतरांपेक्षा काहीसे कमी झाले. हा फरक माफक होता. तामिळनाडूतील केंद्रात तो अधिक स्पष्ट दिसला.

याउलट उपेक्षेची किंमत किती भयंकर असते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसून आले. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मरण पावले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे आणि शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचाही समावेश आहे. पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्यास कोणताही ठराव लागत नाही.

शिक्षकांनी वर्गातून एकाएकी मागे पडणाऱ्या, मित्रांपासून तुटत चाललेल्या मुलाकडे वेळीच लक्ष द्यावे. कार्यालयात दाखल्यासाठी आलेल्या रुग्णाला चार खेपा घालावयास लावू नयेत, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक खेप हा नवा ताण असतो. सरपंचांनी त्याची टिंगल करणाऱ्यांस समज द्यावी आणि झेपेल असे काम त्याच्या हाती पडेल हे पाहावे. औषध डॉक्टर देतील. पण बरा होऊन परतलेल्या माणसाला चावडीवर, पारावर, कामावर पूर्वीच्याच नावाने हाक मारणे गावाच्याच हाती आहे.