स्वमग्न मूल आणि शाळेची वाट

(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाहतुकीचे नियम हा आपल्या शाळांतून नित्य शिकविला जाणारा पाठ आहे. तक्त्यावरील तांबडा दिवा, रस्त्यावरील पांढरे पट्टे, उजवीकडे व डावीकडे पाहण्याची सवय, हे सारे आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत, आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीची जोड मिळाली म्हणजे बहुतेक मुलांचे काम त्यावर भागते. मला आज बोलावयाचे आहे ते ज्याचे भागत नाही अशा मुलाविषयी. हे मूल नियम तोंडपाठ म्हणून दाखवील, चित्रातील दिव्यांचे रंग अचूक ओळखील, आणि त्याच सायंकाळी भरधाव गाडीसमोरून निघून जाईल. अशा मुलास आपण स्वमग्न म्हणतो. इंग्रजीतील ऑटिझम हा शब्दही आता खेड्यापाड्यांतील पालकांच्या कानी पडू लागला आहे.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अमेरिकेत अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. ही मेंदूच्या वाढीतील जन्मजात भिन्नता आहे. आईबापांच्या लाडाने किंवा दुर्लक्षाने ती उद्भवत नाही. आपल्या देशात १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये तिला स्थान मिळाले. तेव्हा हे मूल आपल्या वर्गात बसते ते हक्काने बसते. पण वर्गात बसण्यापूर्वी त्याने शाळेत सुखरूप पोहोचले पाहिजे.

धोका किती आहे, याची कल्पना यावी म्हणून एका पाहणीचे आकडे सांगतो. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १२०० हून अधिक स्वमग्न मुलांच्या पालकांकडे चौकशी करण्यात आली. त्यांतील ४९ टक्के मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी घरातून, शाळेतून वा मोठ्यांच्या नजरेआडून निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. काळजी वाटावी इतका वेळ जी मुले बेपत्ता झाली, त्यांपैकी ६५ टक्के मुले वाहनांच्या आणि २४ टक्के मुले बुडण्याच्या धोक्यात सापडली होती. हे आकडे परदेशचे असले, तरी धोक्याची जात तीच आहे. आपल्याकडे तर पुष्कळ शाळा थेट रस्त्याला लागून आहेत, विहिरी आणि कालवे जवळ आहेत, आणि ऊसतोडीच्या दिवसांत दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गावातूनच जातात.

हे मूल वाहनासमोर का जाते, हे नीट समजून घेतले पाहिजे. हट्टाने किंवा खोडीने ते जात नाही. त्याचे लक्ष एका गोष्टीत गुंतले, मग ते फिरणारे चाक असो वा डबक्यात चमकणारे पाणी, की बाकीचे जग त्याच्यापुरते उरत नाही. आपण नावाने हाक मारली तरी ते मान वळवीलच असे नाही. पुष्कळ मुलांना मोठा आवाज सोसत नाही. गाडीचा कर्णा वाजला की आपण मागे सरतो. हे मूल कान झाकून वाट फुटेल तिकडे, कदाचित रस्त्यावरच, धाव घेते. दुसरे असे की, शब्दाचा जेवढा उच्चारित अर्थ तेवढाच ते घेते. ‘जरा सांभाळून जा’ या वाक्यातून काय करावयाचे ते त्याला कळत नाही. ‘हिरवा दिवा लागला की चालावे’ असे शिकविले, तर दिवा मोडून येणाऱ्या मोटारीपुढेही ते चालू लागेल. ‘पांढऱ्या पट्ट्यांवरून ओलांडावे’ असे शिकविले आणि गावात पट्टेच नसतील, तर त्याच्याजवळ नियमच उरत नाही. तिसरे म्हणजे, एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी लागू करणे त्याला फार जड जाते. वर्गात शिकलेला रस्ता त्याच्या लेखी वर्गातच राहतो.

यावरून आपल्या कामाची दिशा ठरते. या मुलास प्राथमिक शाळेच्या वयात एकट्याने रस्ता ओलांडावयास शिकविणे, हे आपले पहिले ध्येय नव्हे. रस्त्याच्या काठावर न चुकता थांबावयास शिकविणे, हे आपले ध्येय होय. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. तिच्या अंतराचा व वेगाचा अंदाज बांधणे कोणत्याही लहान मुलास कठीण असते. तो निर्णय मोठ्या माणसाने आपल्याकडेच ठेवावा. मुलाकडे एकच गोष्ट सोपवावी, ती थांबण्याची.

आता हे कसे साधावे? आरंभी शिक्षकाने मुलाच्या आईबरोबर घर ते शाळा ही वाट एकदा स्वतः चालून पाहावी. मूल कोठे रेंगाळते, कशास भिते, कशामागे धावते, याची टिपणी करावी. गिरणीचा आवाज, बांधलेले कुत्रे, हातपंपाचे पाणी, अशा गोष्टी त्या टिपणीत येतील. ज्या वाटेवर अशी आकर्षणे व भीती कमी, ती वाट थोडी लांबची असली तरी निवडावी आणि रोज तीच ठेवावी.

पुढची पायरी शब्दाची. ‘थांब’ हा एकच शब्द ठरवावा. एकाने ‘थांब’, दुसऱ्याने ‘उभा राहा’, तिसऱ्याने ‘पळू नको’ असे म्हटले, तर मुलासाठी ते तीन निरनिराळे धडे होतात. घरी अहिराणी, पावरी वा गोंडी बोलली जात असेल, तर घरचाच शब्द शाळेनेही घ्यावा. हा शब्द प्रथम अंगणात शिकवावा, मग शाळेच्या पटांगणात, मग गल्लीत आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष रस्त्याकडेला. मूल थांबताच, त्याच क्षणी, त्याला आवडेल अशी शाबासकी द्यावी. न थांबल्यास रागावू नये. दोन पावले मागे येऊन पुन्हा करवून घ्यावे.

कोठे थांबावयाचे याची खूण डोळ्यांना दिसणारी व पायांना कळणारी असावी. फक्कीची रेघ पहिल्याच पावसात वाहून जाते. त्यापेक्षा ‘माती संपली, डांबर लागले, की थांब’ ही खूण बरी, कारण ती दुसऱ्या गावच्या रस्त्यावरही सापडते. गावातील रस्ता काँक्रीटचा असल्यास त्याची कड ही खूण मानावी. वाटेचे टप्पे दाखविणारी चार चित्रे पुठ्ठ्यावर काढून निघण्यापूर्वी त्याला दाखविल्यास पुढे काय होणार हे त्याला कळते, आणि मन स्थिर राहते.

थांबण्याची सवय पक्की होईपर्यंत हात सोडू नये. नुसती बोटे धरल्यास ती घामाने निसटतात. मनगट धरावे, पण ओढू नये. ज्यास स्पर्श सोसत नाही, त्याच्या दप्तराचा पट्टा मोठ्या माणसाने धरावा. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, आणि मोठ्या माणसाने मूल व वाहने यांच्या मध्ये राहावे. सवय झाली असे वाटल्यावर पकड हळूहळू सैल करावी: प्रथम खांद्यावर हात, मग एक पाऊल अंतर. आवडते आकर्षण समोर असतानाही मूल थांबते का, दुसरे माणूस बरोबर असताना थांबते का, हे हाताच्या अंतरावर राहूनच तपासावे. दहा दिवस थांबले म्हणून अकराव्या दिवशी गाफील राहू नये.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. चौथीत शिकणाऱ्या बहिणीच्या हाती पहिलीतील स्वमग्न भावास सोपवून देण्याची रीत अनेक घरांत आढळते. ती गरजेपोटी पडते, हे मी जाणतो. परंतु भाऊ रस्त्यावर धावला, तर बहीणही त्याच्यामागे धावणारच. एकाऐवजी दोन जीव धोक्यात जातात. शेजारची एखादी बाई, शेताकडे जाणारे आजोबा, शाळेची रिक्षा, यांपैकी काही सोय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांच्या संमतीने लावून द्यावी.

शाळेतही सावधगिरी हवी. मधली सुट्टी आणि शाळा सुटण्याची वेळ गोंगाटाची असते, आणि त्याच वेळी फाटक उघडे असते. अशा वेळी त्या मुलाकडे कोणी पाहावयाचे, हे नाव घेऊन ठरलेले असावे. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ असे ठरले की कोणाचेच लक्ष राहत नाही. पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली पट्टी त्याच्या सदऱ्यात आतून शिवून घ्यावी. मूल निघून गेलेच, तर चुकला फकीर मशिदीत ही म्हण आठवावी. त्याची आवडती ठिकाणे आपणांस आधीच ठाऊक असतील. तरीही दोघांनी तत्काळ विहीर, कालवा, शेततळे यांकडे आणि दोघांनी रस्त्याकडे जावे. त्याच वेळी एकाने ११२ क्रमांकावर कळवावे. मूल दिसताच ओरडत पाठलाग करू नये. रस्त्याच्या बाजूने वळसा घालून त्याच्यासमोर यावे.

मित्रहो, एका शिक्षकाकडे तीस-चाळीस मुले असताना हे सारे कसे जमावे, अशी शंका आपल्या मनात असेल. ती रास्त आहे. यासाठी रोजची दहा मिनिटे लागतील, आणि ती कित्येक महिने द्यावी लागतील. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांचे साहाय्य मागावे, आईस बरोबरीची शिक्षिका मानावे. मूल धावते म्हणून त्याला घरी कोंडून ठेवणे किंवा शाळेत घेऊ नये असे सुचविणे, हा सोपा मार्ग आहे. तो कायद्यास मान्य नाही आणि शिक्षकास शोभत नाही. कोंडलेले मूल थांबावयास शिकत नाही. दार उघडे सापडेल त्या दिवसाची ते फक्त वाट पाहते. म्हणून आपापल्या शाळेत असे मूल असल्यास येत्या आठवड्यातच त्याच्या घरापर्यंतची वाट एकदा चालून यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.