तारीख लिहा, मग पट्टी पाहा
(धाटाव येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले व्याख्यान)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो ऐकून काही जण मान खाली घालतील. घालू नका. घरात मूल येणे ही आनंदाची गोष्ट. मग दिवस कसे राहतात, राहिले की नाही हे कसे ओळखावे, हे समजून घेण्यात लाज कसली?

आपल्याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे होऊन गेले. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे हे चिरंजीव. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक चालवले. लोकांनी नावे ठेवली. कोर्टात खेचले. तरी ते हटले नाहीत. शरीराची माहिती साध्या मराठीत सांगता येते, हे त्यांनी दाखवून दिले. मग आम्ही या पिकल्या केसांनी कशाला कचरावे?

आपल्याकडे काय चालते ते पाहा. लग्नाला सहा महिने झाले की शेजारीण विचारते, “काय गं, काही आहे का?” वर्ष झाले की भगत होतो, अंगारा होतो, उपास होतात. दोन वर्षे झाली की तोंडावर नाही तरी पाठीमागे ‘वांझ’ म्हणतात. कोणी कोणी मुलाचे दुसरे लग्न करायला निघतो. पण या सगळ्यात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. तो प्रश्न असा : पाळी कोणत्या तारखेला आली होती?

तुम्ही आता आकडे लिहू-वाचू लागला आहात. तेव्हा हा प्रश्न आम्ही तुम्हालाच विचारतो.

पहिले काम : तारीख लिहिणे

घरोघरी भिंतीवर कॅलेंडर असते. एकादशी पाहतो, बाजाराचा दिवस पाहतो, दूधवाल्याचा खाडा मांडतो. त्याच कॅलेंडरवर बाईने आपली पाळी सुरू झाली त्या तारखेला एक लहान ठिपका द्यावा. कोणाला कळायला नको असेल तर वहीत लिहावे. ज्या दिवशी रक्त दिसू लागले तो पहिला दिवस. संपली तो नव्हे.

आता हिशेब करू. समजा, एका बाईची पाळी ५ जुलैला आली. पुढची २ ऑगस्टला आली. मध्ये किती दिवस गेले? २८. म्हणजे तिची पाळी २८ दिवसांची. मग पुढची कधी येईल? २ ऑगस्टपासून २८ दिवस पुढे, म्हणजे ३० ऑगस्टला.

सगळ्यांची पाळी २८ दिवसांची नसते. कोणाची २५ ची, कोणाची ३२ ची. म्हणून दुसरीच्या तारखांवर आपला हिशेब करू नये. तीन-चार महिने स्वतःच्या तारखा लिहाव्या.

दिवस राहण्याचे दिवस कोणते?

बाईच्या पोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन अंडाशये असतात. त्यांतून महिन्यातून एकदा, बहुधा एकच, स्त्रीबीज सुटते. ते फार थोडा वेळ जगते. १२ ते २४ तास, बस्स. पुरुषबीज मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकते. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि बीज सुटते तो दिवस, असे सहा दिवस दिवस राहण्याचे.

बीज कधी सुटते, हे शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हते. जपानचे डॉक्टर ओगिनो यांनी १९२४ च्या सुमारास ते शोधले. युरोपात डॉक्टर क्नाउस यांनीही त्याच काळात शोधले. त्यांना कळले ते असे : पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी बीज सुटते. मागच्या पाळीपासून मोजायचे नाही, पुढच्या पाळीपासून उलटे मोजायचे.

आपल्या बाईचा हिशेब करा. पुढची पाळी ३० ऑगस्टला येणार. १४ दिवस मागे गेलो की १६ ऑगस्ट. तेव्हा ११ ते १६ ऑगस्ट हे तिचे दिवस. तिची पाळी ३२ दिवसांची असती तर पुढची पाळी ३ सप्टेंबरला आली असती. मग १४ दिवस मागे म्हणजे २० ऑगस्ट. दिवस १५ ते २० ऑगस्ट. पाहिलेत? पाळी चार दिवसांनी लांबली, तर हे दिवसही चार दिवसांनी पुढे गेले.

आपण भात कापल्यावर शेतात वाल पेरतो. जमिनीत ओल आहे तोवरच पेरतो. ओल मोडली की पेरून उपयोग नाही. तसेच हे आहे. पण एक ध्यानात ठेवा. बाई म्हणजे नुसती जमीन नव्हे. बी दोघांचेही असते. अर्धे तिचे, अर्धे त्याचे.

हा हिशेब आपल्या भागात फार उपयोगी आहे. कोणाचा नवरा मुंबईला कामाला, शनिवारी गाडीने रोह्याला उतरतो आणि रविवारी परत. कोणाचा नवरा इथल्या औद्योगिक वसाहतीत रात्रीच्या शिफ्टला. तो घरी येतो तेव्हा बायको शेतावर. अशी दोन वर्षे जातात आणि बोल बायकोला लागतो. वर्षाचे बारा महिने आणि महिन्याचे सहा दिवस. ते सहा दिवस दोघांची गाठच पडली नाही, तर दोष कोणाचा? दोघांनी तारीख पाहून रजा टाकावी. त्या दिवसांत एक दिवसाआड जवळ आले तरी पुरे.

बीज सुटण्याची पट्टी

औषधांच्या दुकानात एक पट्टी विकत मिळते. बहुधा पाच पट्ट्यांची पेटी असते. बीज सुटण्याच्या २४ ते ३६ तास आधी शरीरात एलएच नावाचा एक रस एकदम वाढतो. तो लघवीत उतरतो आणि पट्टीवर दिसतो.

ही पट्टी कधीपासून लावायची? जितक्या दिवसांची पाळी, त्यातून १७ वजा करा. २८ वजा १७, राहिले ११. म्हणजे पाळीच्या अकराव्या दिवसापासून रोज एक पट्टी. वेळ रोज एकच ठेवावी. दुपार किंवा संध्याकाळ चांगली. आधी दोन तास फार पाणी पिऊ नये. पेटीत कागद असतो तो आधी वाचावा.

हिच्यावर दोन रेघा असतात. पण नीट ऐका : नुसत्या दोन रेघा दिसल्या म्हणजे बीज सुटणार, असे नाही. तपासाची रेघ दुसऱ्या रेघेइतकी गडद किंवा तिच्याहून गडद हवी. फिकी असेल तर अजून वेळ आहे. गडद झाली की तो दिवस आणि पुढचे दोन दिवस महत्त्वाचे.

ही पट्टी घेतलीच पाहिजे का? मुळीच नाही. नवराबायको एकत्र राहतात, दोन-तीन दिवसांनी जवळ येतात, त्यांना तिची गरज नाही. बाईने आपले अंगावरून जाणारे पाणी पाहिले तरी पुष्कळ कळते. बीज सुटायच्या सुमारास ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे नितळ आणि ताणले जाणारे असते. त्याला पैसा पडत नाही. ज्यांची पाळी फार अनियमित आहे, दोन-दोन महिने येत नाही, त्यांना ही पट्टी फसवूही शकते. त्यांनी पट्टीवर पैसे न घालवता डॉक्टरकडे जावे.

दिवस राहिल्याची पट्टी

ही दुसरी पट्टी. सरकारी पट्टीचे नाव ‘निश्चय’. २००८ च्या सुमारास ती गावोगाव आशाताईंच्या हाती देण्यास सुरुवात झाली. आशाताईकडे किंवा उपकेंद्रात ती फुकट मिळते. दुकानातही निरनिराळ्या नावांनी मिळते.

पूर्वी ही तपासणी केवढी अवघड होती! १९२७-२८ साली जर्मनीत बाईची लघवी उंदरीला टोचत, आणि काही दिवसांनी उंदरी मारून तिची अंडाशये पाहत. पुढे बेडकी आली. बेडकीला लघवी टोचायची. तिने दुसऱ्या दिवसापर्यंत अंडी घातली तर बाईला दिवस आहेत. घरी करण्याची तपासणी १९६७ साली अमेरिकेत मार्गारेट क्रेन या बाईने सुचवली. ती डॉक्टर नव्हती. औषधांच्या कंपनीत चित्रे काढण्याच्या कामावर होती. तिचे म्हणणे साधे होते : ज्या बाईचे पोट, तिला आधी कळायला नको का?

गर्भ राहिला की शरीरात एचसीजी नावाचा रस तयार होतो. दिवस राहिले नसतील तर तो नसतो. पट्टी तोच शोधते.

पाळीची तारीख चुकली की मगच पट्टी लावावी. आधी लावली तर रस पुरेसा नसतो. ‘नाही’ असे दिसते आणि बाई उगाच रडत बसते.

सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घ्यावी. पाकिटावरची मुदतीची तारीख वाचावी. मुदत संपलेली पट्टी वापरू नये. पाकीट आयत्या वेळी फोडावे. पट्टी सपाट जागी ठेवून, सोबतच्या नळीने कागदावर सांगितले असतील तितके थेंब, बहुधा दोन-तीन, गोल खळग्यात टाकावे. मग पाच मिनिटे थांबावे.

पट्टीवर दोन इंग्रजी अक्षरे असतात. एक अर्ध्या कड्यासारखे, ते ‘सी’. दुसरे खांबावर आडवे लाकूड ठेवल्यासारखे, ते ‘टी’. आता वाचा :

फक्त ‘सी’ पाशी रेघ : दिवस राहिलेले नाहीत, किंवा अजून दिसण्याइतके झालेले नाहीत.

‘सी’ आणि ‘टी’ दोन्हीकडे रेघ : दिवस राहिले. इथे ‘टी’ची रेघ फिकी असली तरी चालते.

‘सी’ पाशी रेघच नाही : पट्टी खराब. दुसरी घ्या.

पाच मिनिटांत काय ते वाचावे. सकाळी टाकलेली पट्टी संध्याकाळी उचलून पाहू नये. वाळताना खोटी रेघ उमटते.

‘नाही’ आले आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा लावावी. तरीही ‘नाही’, तरीही पाळी नाही, तर डॉक्टरला दाखवावे. दोन रेघा आल्या आणि पोटात एका बाजूला फार दुखू लागले, रक्त गेले किंवा घेरी आली, तर घरी थांबू नये. गर्भ कधी कधी पिशवीबाहेर, नळीत राहतो. जिवाला धोका असतो. तडक सरकारी रुग्णालय गाठावे.

पट्टी काय सांगत नाही

मुलगा की मुलगी, हे कोणतीही पट्टी सांगत नाही. कोणी सांगतो म्हणाला तर तो लबाड समजावा. सोनोग्राफीवर तसे विचारणे आणि सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि मुलगा की मुलगी हे ठरते पुरुषाच्या बीजावरून. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या सासूबाईंनी हे लिहून ठेवावे.

दोष कोणाचा, हेही पट्टी सांगत नाही. वर्षभर एकत्र राहून, दिवस पाहून मूल राहिले नाही तर डॉक्टरकडे जावे. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे. आणि दोघांनी जावे. निम्म्या जोडप्यांत काही ना काही कारण पुरुषाकडेही असते. त्याची वीर्यतपासणी सोपी, कमी खर्चाची असते. ती आधी करावी. बाईवर उपचारांचा मारा करून शेवटी नवऱ्याला तपासायचे, हा उलटा न्याय आहे.

एक खरी हकिगत सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात एका कारखान्यात जमिनीत घालण्याचे कीटकनाशक बनत असे. डीबीसीपी त्याचे नाव. १९७७ साली तिथले कामगार जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता थबकले. आपल्यापैकी कोणालाच मूल का होत नाही? तपासणी झाली. अनेकांत पुरुषबीज फार कमी, काहींत मुळीच नाही. पुढे तिथे त्या औषधावर बंदी आली. त्यांच्या बायकांना तोवर काय काय ऐकावे लागले असेल? म्हणून कारखान्यात काम करणाऱ्यांनी हातमोजे, मास्क यांचा कंटाळा करू नये. शेतात औषध फवारणाऱ्यांनीही. तंबाखू, दारू सोडावी. बायकांनी मशेरी सोडावी.

दोन रेघा आल्या, मग?

मग लपवत बसू नये. तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. गावाला सांगू नका, पण आशाताईला आणि नर्सबाईला लगेच सांगा. बाळाचे हृदय, मेंदू, पाठीचा कणा पहिल्या तीन महिन्यांतच घडतो. नाव बारा आठवड्यांच्या आत नोंदवावे. फॉलिक अॅसिडची गोळी तेव्हापासून घ्यावी. मूल हवे असेल तर डॉक्टरला विचारून आधीच सुरू करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी होते. पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये हप्त्याने मिळतात. हे सारे ज्या दिवशी कळले त्या दिवसापासून सुरू होते. आणि डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारतील? “शेवटच्या पाळीची तारीख?” तुमच्या वहीत ती असेल. तीवरूनच बाळंतपणाची तारीख काढतात.

मंडळी, शाळेत आम्ही मुलांना सांगत असू की उत्तर लिहिण्याआधी दिलेली माहिती नीट मांडा. इथेही तेच. पट्टी हे उत्तर. तारीख ही दिलेली माहिती. माहिती मांडली नाही तर उत्तराचा अर्थ लागत नाही.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने घरच्या कॅलेंडरवरून दोन तारखा घेऊन या. कोणत्याही. त्यांच्यामधले दिवस मोजायला आपण शिकू. पुरुषांनीही शिकायचे आहे.